खडूची फुली

घरात सगळे तिला मास्तर म्हणायचे. शाळेतली मास्तर नव्हे, कापड कापणारी. जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना, गाड्यांच्या सीटना नवे कपडे चढवायचे हा त्यांचा घरचा धंदा, आणि त्यात कापडाला कात्री लावायचा मान एकट्या तिचा. दादा लाकूड बघायचा, वहिनी मशीनवर बसायची. धाकटा भाऊ स्प्रिंगा बसवायचा आणि स्वतः मात्र दोन मिनिटं एका जागी बसायचा नाही, म्हणून त्याचं नावच स्प्रिंग पडलं होतं. आप्पा, म्हणजे या तिघा भावंडांचे वडील, आता फक्त बघायचे आणि बघता बघता चुका काढायचे. ते काम ते फार मन लावून करायचे.

आणि हे सगळे प्यायचे.

म्हणजे भांडून, रडून, रस्त्यात पडून वगैरे नाही. छान हसतखेळत प्यायचे. कोणाचा वाढदिवस, कोणाचा निकाल, आलेली ऑर्डर, हातची गेलेली ऑर्डर, नवं मशीन आलं म्हणून आणि जुनं मशीन चाललं म्हणूनही. या घरात दारू पाहुणी नव्हती, नात्यातली होती. तिला वगळून कार्यक्रम करायचा म्हणजे सख्ख्या मावशीला न बोलावण्यासारखं.

मास्तरने सात महिन्यांपूर्वी सोडली. त्याचं असं झालं, की एका सकाळी ती कारखान्यात आली तर टेबलावर फुलाफुलांच्या कापडाचे तुकडे रचून ठेवलेले. अख्ख्या सेटचे. कडा सुतासारख्या सरळ, कोपरे बरोबर, आणि एकूण एक फूल उलटं. देठ वर, पाकळ्या खाली. "हे कोणी कापलं?" म्हणून ती ओरडली. सगळे तिच्याकडेच बघायला लागले. तिनेच कापलं होतं, आदल्या संध्याकाळी, आप्पांचा दात काढल्याच्या आनंदात दोन ग्लास रिचवून. तिला कात्री हातात घेतल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. घरच्यांनी पोट धरधरून हसून घेतलं. स्प्रिंग तर आठवडाभर भिंतीला पाय लावून हातांवर उभा राहायचा आणि म्हणायचा, "गिऱ्हाईकाला सांगा, असं बसलं की फुलं सरळ दिसतात." तीही हसली. पण रात्री कितीदा तरी आपलेच हात उलटेसुलटे करून बघत बसली, जसे काही ते दुसऱ्याचे असावेत आणि चुकून तिच्याकडे राहिले असावेत. त्या दिवसापासून थेंब नाही.

त्यानंतरचे दोन कार्यक्रम तिने निभावले होते. कसे, तर तिने एक युक्ती काढली होती. गेल्या गेल्या बाटली कुठे आहे ते बघून घ्यायचं आणि तिच्या बरोबर समोर बसायचं. लोकांना वाटायचं, ही काय स्वतःचा छळ करून घेतेय. पण साप खोलीत आहे हे एकदा कळलं, की तो डोळ्यांसमोर असलेला बरा. दिसेनासा झाला की खरी पंचाईत.

आज आप्पांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. रविवार, दुपारचे बारा, कार्यक्रम कारखान्यातच. ती दारातून आत आली आणि सवयीने तिची नजर टेबलावर गेली. मोठं पातेलं भरून लिंबाचं सरबत, त्यात बर्फाचे खडे. केक. उकडलेली अंडी, खारे दाणे. शेजारी स्टीलच्या ग्लासांची चवड.

बाटली नव्हती.

तिने मशीनखाली बघितलं, फोमच्या थप्पीमागे बघितलं, खिळ्यांच्या डब्यांच्या फळीवर बघितलं.

"काय शोधतेस?" वहिनी म्हणाली. "नाहीये. आज कोरडा कार्यक्रम."

"कोणी मेलंय का?"

"शुभ बोल गं. तुझ्यासाठी केलंय. आप्पांनीच सांगितलं."

दादा हाताला चिकटलेला डिंक खरवडत पुढे आला. "म्हणाले, पोरगी एवढी नेटानं राहिलीय, तर एक दिवस आपणही राहू. सरबत तर सरबत."

आप्पा नव्या सदऱ्यात, गळ्याशी गुंडी लावून बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली, मोठ्या मनाच्या माणसाने हलवावी तशी. मास्तरने वाकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. चार मिनिटं, फार तर पाच, ती इतकी सुखी होती की तिला वाटलं, आता आपल्याला काही अवघड नाही.

मग तिला मानाच्या जागी बसवलं. मानाची जागा म्हणजे गिऱ्हाईकाचा दुरुस्तीला आलेला तीन जणांचा सोफा. बैठकीखालचे पट्टे निम्मे काढलेले, वर नुसती चादर. ती बसली ती थेट खाली गेली, गुडघे हनुवटीच्या रेषेत आले. डाव्या हाताला दादा टेकला, उजव्या हाताला आप्पांनी आपली खुर्ची ओढून घेतली, आणि वहिनीने खाण्याचं टेबल पुढ्यात सरकवलं ते तिच्या नडग्यांना येऊन भिडलं. एखादी गादी बाजूंनी शिवून टाकावी तशी ती चारी बाजूंनी शिवली गेली.

"आरामात आहेस ना?" वहिनीने विचारलं.

"आता मला उठवायला क्रेन लागेल."

वहिनी हसली, आणि तिथेच घोटाळा झाला.

वहिनीचं हसू म्हणजे या घरातला थर्मामीटर होता. कोरडी असताना ती हसायची ती छोटंसं, नाकातल्या नाकात. अर्धा ग्लास पोटात गेला, की ते घशात उतरायचं आणि शेवटी शिट्टीसारखं वर चढायचं. आत्ता ते वर चढलं. दुपारचे सव्वाबारा, सरबताचा कार्यक्रम, आणि शिट्टी.

मास्तरने दादाकडे बघितलं. दादाचे कान लाल. आप्पा आपला स्टीलचा ग्लास दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून घोट घेत होते. लिंबाचं सरबत कोणी डोळे मिटून पीत नाही.

तेवढ्यात स्प्रिंग आला. "जरा थांब, तुझ्या मागचा पट्टा सैल वाटतोय." तो सोफ्याच्या पाठीमागे वाकला. काहीतरी खुडबुडलं, आणि मग तिच्या कमरेच्या बरोबर खाली, सोफ्याच्या पोटातून, बुडबुड बुडबुड असा आवाज आला. स्प्रिंग उभा राहिला तेव्हा त्याच्या हातातला ग्लास काठोकाठ होता आणि चेहरा एखाद्या निष्पाप बाळाचा.

"झाला घट्ट?" तिने विचारलं.

"झाला. पण लक्ष ठेवायला लागेल. जुना सोफा आहे."

म्हणजे सोफ्याचं बूड उसवून बाटल्या आत ठेवल्या होत्या, आणि वर तिला बसवलं होतं. अंड्यांवर कोंबडी बसवावी तसं. कारण ती कुठे शोधणार नाही? जिथे ती स्वतः बसलीय तिथे. डोकं वहिनीचं, हे सांगायला नको.

तिला आधी हसायलाच आलं. मग राग आला. आणि मग कळलं की रागावताही येत नाही. कारण यात कोणी तिचं वाईट चिंतलं नव्हतं. उलट, इतक्या लोकांनी मिळून तिच्यासाठी इतकी मेहनत आजवर कधी घेतली नव्हती. त्यांना पिणं सुटत नव्हतं आणि तीही सुटायला नको होती, म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला होता. प्रेमाचा आणि चोरीचा.

"घे ना," दादाने तिच्यापुढे ग्लास ठेवला. "गार आहे."

कारखान्याचं छप्पर पत्र्याचं. पंखा लावायची सोय नाही, कारण पंखा लावला की कापलेल्या फोमचा भुसा उडतो आणि केकवर बसतो. तिला तहान लागली होती. तिने ग्लास उचलून नाकाशी नेला आणि वास घेतला. रबर सोल्यूशनचा वास. सकाळी दादाने फोम चिकटवला होता, डबा अजून उघडाच होता, आणि त्या वासापुढे या खोलीत रॉकेल ओतलं तरी कळलं नसतं. ग्लासात बघावं तर पिवळट, गढूळ सरबत. बिनरंगाची दारू त्यात असली तरी हेच दिसणार, नसली तरी हेच.

तिने ग्लास खाली ठेवला.

चिमणी, म्हणजे दादाची बारावीतली मुलगी, अंड्यांची ताटली घेऊन आली आणि सोफ्याच्या हातावर टेकली. चिमणीला गुपित म्हणजे तोंडातली गरम बटाट्याची फोड, इकडून तिकडे फिरवत राहायची, गिळता यायचं नाही. "आत्या," ती अंड्यावर मीठ भुरभुरवत पुटपुटली, "तू पी बिनधास्त. तुझ्यात नाहीये."

"कशात काय नाहीये?"

"अगं, म्हणजे..." चिमणीने आईकडे चोरून बघितलं. "तुला कळलंय ना?"

"शिट्टीपासून."

"हुश्श. मग ऐक. आईने खूण केलीय. ज्या ग्लासात ते आहे, त्याच्या बुडाला खडूने फुली. तुझ्या बुडाला फुली नाही. म्हणजे ग्लासाच्या."

मास्तरला मनातल्या मनात वहिनीला दाद द्यावीशी वाटली. कापडाच्या उलट्या बाजूला खडूची फुली मारायची, हे तर या घरात पोर रांगायला लागलं की शिकतं. फुली दिसली की हात आपोआप थांबतो. यापेक्षा चांगली खूण यांना सापडलीच नसती. तिने ग्लास उचलून खालून बघितलं. फुली नव्हती. तिने निवांत श्वास सोडला, ग्लास तोंडाकडे नेला, आणि तिचं लक्ष बोटाकडे गेलं.

बोट पांढरं झालं होतं.

तिने पुन्हा ग्लासाचं बूड बघितलं. बर्फाने ग्लासाला घाम सुटला होता, धारा खाली उतरल्या होत्या. बूड ओलंचिंब. टेबलावर ग्लास होता तिथे दुधाच्या थेंबासारखं वर्तुळ उमटलेलं. तिने टेबलावर नजर फिरवली. तशी वर्तुळं सगळीकडे होती.

"चिमणे, तो दादाचा ग्लास उचल. काही बोलू नकोस, नुसता उचलून बूड बघ."

चिमणीने बघितलं. मग आईचा बघितला. मग चवडीपाशी भरून ठेवलेले तीन बघितले. परत आली ती अंड्याइतकी पांढरी होऊन. "कोणालाच नाहीये, आत्या. सगळ्या पुसल्या."

"खडूच तो. कोरड्या कापडावरचा."

"मग आता कुठला कुठला?"

"तेच मी तुला विचारते."

साठ वर्षं या घराण्याने खडूने खुणा केल्या होत्या आणि कधी चूक झाली नव्हती, कारण साठ वर्षांत कोणी कापडावर बर्फ ठेवला नव्हता.

"तू काय पितेयस?"

"मी काहीच नाही. मला लिंबाने घसा धरतो."

"मग मला नळाचं पाणी आण. स्वतः आण."

चिमणी उठली. पण तिच्या चालण्यातच काहीतरी गुन्हेगारासारखं होतं. दारापर्यंत पोचायच्या आत वहिनीने हटकलं. "कुठे?"

"आत्याला पाणी."

"पाणी? सरबत सोडून पाणी?" वहिनी मास्तरकडे वळली. आवाज एकदम मऊ झाला, आजाऱ्याशी बोलताना होतो तसा. "गोड कमी झालंय का गं? आप्पांनी स्वतः लिंबं पिळलीत, सकाळपासून. तू हात नाही लावलास तर त्यांना काय वाटेल? बस, मीच देते पाणी." आणि तिने चवडीशेजारचा एक ग्लास उचलला, त्यात टेबलावरच्या तांब्यातलं पाणी ओतलं आणि आणून ठेवला. तो ग्लास धुतलेला होता की कोणी रिकामा करून ठेवलेला, कोणाला ठाऊक. त्याच्या तळाशी आधी काय होतं, कोणाला ठाऊक. तांब्यातसुद्धा नेमकं काय होतं, हे शिट्टी वाजवणाऱ्या बाईवर विसंबून कोणी मानायचं?

आता तिच्यापुढे दोन ग्लास झाले आणि तहान तशीच.

उठावं म्हटलं तर टेबल हलवायला पाहिजे. टेबल हलवायचं तर कारण सांगायला पाहिजे. कारण सांगायचं तर तोंड उघडायला पाहिजे, आणि ते उघडलं, की आप्पांची पिळलेली लिंबं, वहिनीची फुली, स्प्रिंगचे पट्टे, सगळ्यांच्या अंगावर थुंकल्यासारखं होणार. तिने दाणे खाल्ले. खारे होते. ती चूक झाली. जीभ टाळूला चिकटली.

स्प्रिंग पुन्हा तिच्या मागे वाकला.

"किती सैल होतोय हा पट्टा," ती म्हणाली.

"तुझं वजन वाढलंय, मास्तर. सोडल्यापासून बाळसं धरलंस."

"मग जपून ओत... ओढ. जपून ओढ."

तो अर्धवट वाकलेला तसाच थांबला. मग काही ऐकलंच नाही असं दाखवून शीळ घालत निघून गेला. घरात चोरी सगळ्यांना माहीत असली तरी चोर पकडायचा नसतो, ही यांची जुनी सभ्यता.

एक वाजला. पत्रा तापून कडकड वाजायला लागला. तिच्या कपाळावरून घाम ओघळून ओठांवर येत होता आणि तोही खारट. समोर दोन ग्लास, घामाने डबडबलेले, गार. आणि त्यांच्याकडे बघता बघता तिच्या मनात एक शब्द आला. कसा, कुठून, तिला कळलं नाही, पण आला आणि पाय पसरून बसला.

चुकून.

सरबत म्हणून प्यायलं आणि चुकून त्यात ती निघाली, तर? तिचा काय दोष? ती तर सात महिने नेटाने राहिली होती, सगळ्यांनी पाहिलंय. खूण पुसली ती वहिनीची. बाटल्या लपवल्या त्या स्प्रिंगने. ग्लास दिला तो दादाने. तिने फक्त तहान लागली म्हणून घोट घेतला. कोणी बोट दाखवू शकणार नाही. आणि एकदा घोट गेलाच पोटात, तर मग... मग काय, मोडलंच की. मोडलेलं तर दुरुस्तीलाच येतं आपल्याकडे. आजचा दिवस जाऊ दे, उद्यापासून.

दोन कार्यक्रमांत बाटलीसमोर बसून तिला जे एकदाही वाटलं नव्हतं, ते आज तिला बाटलीवर बसून वाटलं. बाटली समोर होती तेव्हा पिणं म्हणजे हात पुढे करणं होतं. आज हातसुद्धा पुढे करायला नको. तिच्या माणसांनी तिच्यासाठी इतका मऊ, इतका घसरडा रस्ता करून ठेवला होता की नुसतं बसून राहिलं तरी माणूस खाली पोचेल. सोफ्यासारखाच.

दादाने टाळ्या वाजवल्या. "चला, आप्पा बोलणार आहेत."

आप्पा उभे राहिले. खुर्चीच्या पाठीला हात, दुसऱ्या हातात ग्लास. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो कशाने भरला होता हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी तो खोटा नव्हता, हीच त्यातली अडचण.

"पंच्याहत्तर वर्षांत," आप्पा म्हणाले, "या घरात कोरडा कार्यक्रम झाला नाही. माझ्या बापाने केला नाही, मी केला नाही. आज केला. का? तर माझी पोरगी. तिने मला शिकवलं, या वयात. म्हटलं, तिच्यासाठी आपण एवढं तर करू." त्यांनी ग्लास वर उचलला. "म्हणून आज सगळ्यांनी, तिच्याबरोबर, हे सरबत एका दमात प्यायचं. तिच्या नावाने. उचल गं, पोरी."

सगळ्यांनी ग्लास उचलले. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. वहिनीच्या डोळ्यांत तर पाणी होतं. चिमणी एकटी ताटली छातीशी धरून मान हलवत होती, नको नको अशी, बारीक, कोणाला दिसेल न दिसेल अशी.

मास्तरने ग्लास उचलला. सरबताचा, पाण्याचा नव्हे. कुठला उचलायचा हे तिने ठरवलं नव्हतं, हाताने ठरवलं. तोच हात, उलटी फुलं कापणारा. ग्लास हनुवटीपर्यंत आला. ओठांना गार वाफ लागली. आणि त्या क्षणी तिला अगदी स्पष्ट कळलं, की आपण देवाकडे 'यात नसू दे' असं मागत नाही आहोत. आपण 'असू दे' म्हणतोय. असू दे, आणि मला ठाऊक नसू दे.

तिचा हात थांबला.

"आप्पा," ती म्हणाली, "बाटल्या बाहेर काढा."

छपरावरचा पत्रा कडकडला.

"कसल्या बाटल्या?" दादा म्हणाला.

"माझ्याखालच्या."

"अगं, काय बोलतेस," वहिनी म्हणाली. स्प्रिंग एकाएकी खिळ्यांचा डबा नीट लावायला लागला.

"टेबलावर ठेवा. मला दिसू देत. सगळ्या."

"हे बघ," दादा आवाज खाली आणून म्हणाला, "तुला त्रास नको म्हणूनच ना हे सगळं? एवढा खटाटोप काय आम्हाला हौस म्हणून?"

"माहितेय रे. पण मला यातला कुठलाच ग्लास पिता येत नाही. तहानेने जीव चाललाय. वहिनी, तुझ्या फुल्या पुसल्या. बघ आपल्या ग्लासाखाली."

वहिनीने बूड बघायला ग्लास उलटा केला आणि सरबत आपल्याच पायावर ओतून घेतलं. मग दुसरा बघितला. तिसरा. तिचा हात तोंडाकडे गेला. "अगं बाई. मी तुला मगाशी... तू प्यायलीस का?"

"नाही."

"थोडंसं पण?"

"नाही म्हटलं ना."

वहिनी तिथेच फोमच्या थप्पीवर बसली.

आप्पा अजून उभे होते, ग्लास तसाच वर. हळूहळू त्यांनी तो खाली आणला. "म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. आणि मला बोलू दिलंस. चारचौघांत."

"आप्पा, तुम्ही मनापासून बोललात ते मला कळलं."

"काय कळलं? थेरडा दारू पिऊन दारू सोडल्याचं भाषण करतो, हे कळलं." त्यांनी खुर्ची मागे ओढली. "आमच्यावर एवढा विश्वास नसेल तर यायचंच कशाला?"

याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते असं होतं की बोलता येत नव्हतं. अविश्वास त्यांच्यावर नव्हता. तिने फक्त पुन्हा म्हटलं, "काढा ना बाहेर. तुम्ही प्या. मी बसते समोर."

शेवटी स्प्रिंगनेच पुढाकार घेतला. "ऊठ मग. कोंबडी उठल्याशिवाय अंडी कशी काढू?" दोघा भावांनी दोन हातांना धरून तिला वर ओढलं. सोफा उताणा पाडला. खालचं काळं कापड एका बाजूने उसवलेलं, आत स्प्रिंगांच्या मध्ये, फोमच्या घरट्यांत, चार बाटल्या. एक रिकामी, एक अर्धी, दोन भरलेल्या. इतक्या नीट बसवल्या होत्या की धंद्याचा अभिमान वाटावा. स्प्रिंगने एकेक काढून टेबलावर केकच्या शेजारी उभी केली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, जशी काही घरातली कोणाची अंतर्वस्त्रं दोरीवर सगळ्यांसमोर वाळत घातली असावीत.

मास्तरने चारही बाटल्या बघून घेतल्या. मग ती मागच्या नळाकडे गेली. एक ग्लास घेऊन तिने तो राखेने घासला, दोनदा विसळला, धारेखाली धरला आणि उभ्या उभ्या तीन ग्लास पाणी प्यायली. चौथा भरून घेऊन ती परत आली तेव्हा आवाज दुप्पट झाला होता. दादा खुशाल बाटलीतून ओतत होता, वहिनी पाय पुसता पुसता आपल्याच फजितीचा किस्सा सांगायला लागली होती, आणि शिट्टी आता मोकळी वाजत होती. लपवायचं ओझं उतरल्यावर माणसं कशी हलकी होतात, ते बघण्यासारखं होतं. तिच्याकडे मात्र जो तो जरा बाजूने बघायचा. पाहुणीने घरातलं कपाट उघडल्यावर बघतात तसा.

सोफा सरळ करून ठेवला होता. बसायला तेवढीच जागा रिकामी होती. ती बसली, पुन्हा तशीच खोल. टेबल कोणीतरी पुन्हा नडग्यांना आणून भिडवलं. चिमणी शेजारी येऊन टेकली. "घरी जाऊया का आपण दोघी?" तिने हळूच विचारलं.

"आत्ता गेले तर आप्पांचा वाढदिवस मी मोडला असं होईल."

"आणि थांबलीस तर?"

"थांबले तर नुसता वाढदिवस होईल."

आप्पा अर्धा तास तिच्याकडे पाठ फिरवून बसले. मग तिसरी बाटली उघडली तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांनीच ती हातात घेतली आणि डावीकडून एकेकाच्या ग्लासात ओतत निघाले. दादा, वहिनी. चिमणीच्या समोरून पुढे. आणि मग, इतक्या वर्षांचा हात, तो मास्तरच्या ग्लासावर येऊन वाकला. तिला बाटलीचं तोंड दिसलं, कलताना दिसलं. तिने ग्लासावर तळहात ठेवला.

धार तिच्या हातावर पडली. बोटांवरून, मनगटावरून, सोफ्याच्या चादरीवर; ग्लासात थेंबही नाही.

आप्पांनी बघितलं, पण बाटली लगेच सरळ झाली नाही. "हात काढ," ते म्हणाले.

"नाही, आप्पा."

"अगं, सवयीनं झालं. आता नाही ओतत. काढ हात."

"ठेवू दे."

ते तसेच उभे राहिले, बाटली कललेली, शेवटचा थेंब तोंडाशी लोंबत. ती खालून वर बघत होती, कारण त्या सोफ्यातून दुसरं कुठे बघताच येत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या आत काहीतरी घाबरलेलं होतं. त्यांना तिच्याकडून काहीतरी हवं होतं, आणि ते घोटाएवढंच होतं, आणि ते तिला देता येत नव्हतं.

"बरं," आप्पा म्हणाले आणि स्प्रिंगकडे वळले.

हाताला वास येत होता. या वासाला सोल्यूशनही पुरलं नाही. पुसायचं तर रुमालाला लागणार, धुवायला उठायचं तर पुन्हा टेबल, पुन्हा सगळ्यांच्या नजरा. तिने तो हात सोफ्याच्या बाहेर, अंगापासून लांब धरला, रंग लागलेल्या माणसासारखा. घड्याळात सव्वादोन झाले होते. आप्पांचे वाढदिवस दिवे लागेपर्यंत चालायचे.

तिने दुसऱ्या हाताने ग्लास उचलला आणि पाणी प्यायली.